सवेंगची पुडी

“यातला आमचा सवेंग कुठला?” खाम्पुनमावशींनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच विचारलं.

“सगळेच, मावशी.”

“एवढे? एकटा होता तरी घर डोक्यावर घ्यायचा.”

सवेंग त्यांचा धाकटा. तळ्यातला मासा कच्चाच, लिंबू-मिरची घालून खाण्यात त्याची उमर गेली. माशातले किडे यकृतात शिरले, पित्तनळीला कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यातल्या पेशी आमच्या खोन केन शहरातल्या प्रयोगशाळेत वाढल्या. त्यांना खाऊपिऊ घालणं माझं काम. तो गेल्यावर, पेशी देणाऱ्यांच्या नातेवाइकांचे आभार मानायला ठेवलेल्या पूजेत आमचे तरुण डॉक्टर प्रेमानं म्हणाले होते, “तुमची माणसं अजून आमच्याकडे जिवंत आहेत.”

दुसऱ्या दिवशी पितरांची पहाट होती; गेलेल्यांसाठी केळीच्या पानात अन्नाच्या पुड्या बांधून देवळात जमिनीवर मांडायची. मावशी केळीची पानं घ्यायला बाजारात आल्या, तशाच इकडे वळल्या.

“पुड्या कुणाकुणाच्या बांधणार?” मी विचारलं.

“सासू, सासरे, आमचे धनी.”

“आणि सवेंग?”

“वेडी का तू, लमुन? जिवंत माणसाचं अन्न जमिनीवर मांडतात होय? डॉक्टर बोलले तेव्हापासून मी त्याची पुडी बंद केली. दोन वर्षं झाली.”

मी रोज सकाळी प्राणिहत्या करणार नाही असं व्रत म्हणते, आणि मग इथे येते. सवेंगच्याच पेशींवर औषध घातलेली दुसरी डिश मीच आदल्या दिवशी केली होती. ती उबेच्या कपाटातून काढून मी भिंगाखाली ठेवली.

“ह्या अशा फुटल्या का गं? मणी सांडल्यासारख्या.”

“मरतायत, मावशी. चांगली पेशी शेजारणींचं ऐकते. त्या ‘राहा’ म्हणतात तोवर राहते. निरोप थांबला की आपणहून आवरतं घेते, स्वतःची गाठोडी बांधते. शेजारणी ती उचलून नेतात. कुणाला त्रास नाही.”

“आणि ह्या?”

“ह्यांच्या आत ‘राहा, राहा’ अखंड चालू. कुणी म्हणत नसलं तरी. ते बटणच अडकलंय. हे औषध तेवढं बंद करतं. मग जातात.”

“पाहुणा उठेना म्हणून दिवा मालवायचा, तसं.”

“तसंच.”

मावशी पुन्हा वाकल्या. पहिली डिश मागितली, मग दुसरी.

“ह्यांनीच खाल्लं ना त्याला?”

“हो.”

“म्हणजे जगलंय ते दुखणं. पोरगा गेलाच.” त्यांनी पदराशी चाळा केला. “आणि मी त्याला दोन वर्षं उपाशी ठेवला.”

त्या पूजेत त्याच्या नावानं पुण्याचं पाणी सोडलं होतं, ते पोचलं असेल, असं मला म्हणता आलं असतं. मी डिश झाकून ठेवली. मावशी पानांची टोपली उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशीची, अमावास्येची पहाट. अमावास्या-पौर्णिमेला घेतात ते उपोसथाचं व्रत घ्यायला मी देवळात गेले, तेव्हा मावशी कुंपणाच्या भिंतीशी उकिडव्या बसल्या होत्या. समोर तीन पुड्या ओळीनं, आणि जरा बाजूला चौथी, तिघींपेक्षा मोठी. तिच्या पानाला टोचलेली काडी काढून त्या आत बघत होत्या. चिकट भात, केळं, विडी. तो गेला त्या वर्षी त्यांनी आवडीचा म्हणून कच्चाच मासा ठेवला होता.

“रुसेल,” मला बघून त्या म्हणाल्या. “रुसू दे.”

आणि पान पुन्हा मिटलं. मासा भाजलेला होता.