पुलाखालची चुन्याची रेघ

अठरा वर्षं नट्यांचे कपडे घालून त्यांच्या जागी उड्या मारल्या, म्हणून सगळं युनिट त्याला ‘ताई’ म्हणायचं. बिचाऱ्याला मिशी कधी ठेवता आली नाही. पण कामाला चोख! कठड्यावर चढेपर्यंत नटी. तिथे कॅमेरा थांबायचा, आणि पुढे ताई. रिवाजच होता तो. बाईमाणसाने खरोखर उडी मारायची, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि आज सकाळी सकाळी ही नवी नायिका म्हणाली, “पुढेही मीच.”

पुलावरून खालच्या चालत्या ट्रकवर, गवताच्या भाऱ्यांवर उडी. गोष्टीतली बाई पळवून नेलेल्या भावाला सोडवायला निघालेली. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. “अहो बाई, हाडं मोडून घ्यायचीत का? लोक म्हणतील, ही बाई आहे की पैलवान!”

“म्हणू देत. स्टुडिओमागच्या भिंतीवरून रोज उड्या मारतेय मी. भाऊ माझा, आणि उडी दुसऱ्याची? ते काही नाही.”

ताईचं डोकं सणकलं. झगा अंगावर, टोप हातात, आणि ही म्हणते मीच! पोटावर पाय आणायला हाच दिवस सापडला हिला? तो पुलाच्या टोकाला जाऊन बसला. मार म्हणावं, आम्ही बघतो.

खाली रस्त्यावर चुन्याची रेघ होती. ट्रकची पुढची चाकं रेघेला लागली की वरच्याने सुटायचं, एवढंच गणित. काल ट्रकवाल्याला चार फेऱ्या मारायला लावून ताईनेच ती रेघ मारली होती.

“चला!” दिग्दर्शक ओरडला. ट्रक वळणावर दिसला. नायिका कठड्यावर चढली, आणि अशी झरझर चढली की ताईच्या तोंडून “वा!” निघून गेलं.

लगेच त्याला रेघ आठवली.

वर्षभर त्याचा डावा गुडघा ऐन वेळी अडत होता. अंग उचलायला क्षणभर उशीर व्हायचा. म्हणून काल त्याने रेघ गपचूप पुलापासून पाच पावलं लांब, ट्रक येतो त्या बाजूला मारली होती, म्हणजे सुटायचा इशारा क्षणभर आधी मिळेल. कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! लंगड्या माणसाला उडी मारायला कोण बोलावतंय?

हिचे गुडघे तर ठणठणीत. ती रेघ बघून सुटली, तर ट्रकच्या आधी रस्त्यावर पोचणार. ट्रकच्या पुढ्यात.

ट्रक रेघेपासून चाळीस पावलांवर आला. तीस. तिने गुडघे वाकवले.

“थांब! अगं थांब, बाई!” झगा सावरत तो थेट कॅमेऱ्यासमोर धावला. नायिका मटकन कठड्यावर बसली. ट्रक खालून निघून गेला.

दिग्दर्शक लालबुंद. “जळतोस का रे तिच्यावर? अख्खा शॉट घालवलास!”

हो म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण पुढच्या खेपेला पुन्हा तीच रेघ असती.

“साहेब, रेघ चुकीची आहे,” तो म्हणाला. “माझा गुडघा गेलाय. वर्ष झालं. ती रेघ माझ्या गुडघ्याच्या हिशेबाने मारलीय मी.”



“वर्षभर लपवलंस? आणि आज उडी मारताना मेला असतास तर?” दिग्दर्शक म्हणाला. “कपडे उतरव आणि घरी जा.”

नायिका कठड्यावरून हलली नाही. “आधी दादा नवी रेघ मारतील. खाली तेच उभे राहतील. त्यांचा हात खाली आला की मी सुटेन, दुसऱ्या कुणाच्या हातावर नाही.”

दादा! अठरा वर्षांत सेटवर त्याला कुणी दादा म्हटलं नव्हतं.

तो लंगडतच खाली गेला, उघड उघड लंगडत. चपलेने जुनी रेघ पुसली, पुलाकडे पाच पावलं मोजून नवी मारली. ट्रक आला. चाकं रेघेला लागली आणि त्याने हात खाली केला.

धप्प! गवत उडालं. भाऱ्यांतून तिचा हात वर आला, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

आता तो चित्रपट जुना झाला, पण कुठे लागला की त्या उडीला टाळ्या पडतातच. परवा तो बायकोला घेऊन गेला होता, झुपकेदार पांढऱ्या मिशीवर ताव देत. टाळ्या थांबल्यावर बायकोने विचारलं, “अहो, रस्त्यावर दोन रेघा कशाला?”

“पुसट दिसते ना, ती माझ्या गुडघ्याची,” तो म्हणाला. “ठळक आहे ती बाईंची.”