माळ्यावरून उतरलेली टोपली

मित्रांनो, माझं झाकण करकरतं, एक कडी तुटून तिच्या जागी सुतळी आली आहे आणि तळाच्या विणीत मांजराचे केस असे रुतलेत की कितीही झटकलं तरी निघत नाहीत. मी एक जुनी वेताची टोपली आहे.

मला विणणाऱ्या कारागिराने वेत भिजवून, वाकवून असा घट्ट आवळला की आजवर माझी एक काडी ढिली झाली नाही. या घरात मी आले ती बाळाची दुपटी ठेवायला. घरात आई, बाबा, तान्ही छोटी आणि ढब्बू नावाचा राखाडी बोका. धुतलेली दुपटी माझ्यात पडली रे पडली, की ढब्बू त्यांवर ताणून द्यायचा. आई ओरडायची, "अरे मेल्या, आत्ताच धुतलीत ती!" पण त्याला उचलायची मात्र नाही. पाहुणे म्हणायचे, "काय सुबक टोपली आहे हो!" माझे ते सुखाचे दिवस.

छोटी चालायला लागली, दुपटी संपली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूळ होती, फाटकी गादी होती आणि मी होते.

मला पुन्हा खाली काढलं ते ढब्बू आजारी पडल्यावर. तो वाटीमागून वाटी पाणी प्यायचा, खा-खा खायचा आणि तरी वाळत चालला होता. नावापुरताच ढब्बू उरला होता. मला झाकण असल्यामुळे त्याला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "याला मधुमेह आहे. साखर आवरणारं इन्सुलिन नावाचं संप्रेरक कमी पडतंय. रोज दोन वेळा इंजेक्शन द्यायचं आणि अधूनमधून रक्त तपासायचं. औषध कमी पडलं तर आजार वाढेल, जास्त झालं तर साखर एकदम उतरून जिवावर बेतेल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती शिकली. आधी छोटीला भरवायचं, मग ढब्बूला, मग त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचायची.

"मला ताप आला तर एवढं कोणी बघत नाही," बाबा म्हणायचे.

"तुम्ही पलंगाखाली लपत नाही ना!"

ढब्बू लपायचा, पण सुईला भिऊन नव्हे, मला भिऊन. मी माळ्यावरून उतरले म्हणजे दवाखाना, हे त्याला पाठ झालं होतं. झाकण करकरलं की तो पलंगाखाली. बाबा त्याला झाडूच्या दांड्याने बाहेर काढायचे आणि माझ्यात कोंबायचे. वाटभर तो ओरडायचा, माझ्या काड्या ओरबाडायचा. त्याचं काळीज माझ्या तळाशी धडधडायचं. एकेकाळी माझ्यात घोरणारा हा!

अशाच एका खेपेला त्याची साखर खूप चढलेली निघाली. डॉक्टरबाईंनी इन्सुलिन थोडं वाढवलं. घरी येईपर्यंत आई एकच म्हणत होती, "माझंच काहीतरी चुकतंय. सुई नीट बसत नसेल."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीकडे जाताना ढब्बू झोकांड्या खात पडला. आईने डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून त्याच्या हिरड्यांना बोटाने साखरेचा पाक चोळला आणि त्याला माझ्यात ठेवलं. मला अजून माळ्यावर चढवलं नव्हतं, हे नशीब. तो ओरडला नाही, त्याने ओरबाडलं नाही. मित्रांनो, मला ती शांतता मुळीच आवडली नाही.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर त्याने मान उचलली, तेव्हा कुठे आईचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरबाई मात्र कोड्यात पडल्या. "एवढ्याशा वाढीने साखर इतकी उतरली कशी? काल येताना काही झालं होतं का?"

आई बोलायच्या आत सोबत आलेली छोटी म्हणाली, "टोपली माळ्यावरून काढली की तो लपतो. बाबांनी त्याला झाडूने काढलं. तो टोपलीत खूप रडला. नेहमीच रडतो."

डॉक्टरबाईंनी माझ्या ओरबाडलेल्या काड्यांवरून बोट फिरवलं. "मांजर घाबरलं की साखर तेवढ्यापुरती चढते. हे माहीत असून मी कालच्या एका आकड्यावर विसंबले."

मग त्यांनी वेगळ्या तपासणीसाठी रक्त घेतलं. ती तपासणी एका क्षणाची नव्हे, मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते. निकाल आला. साखर आटोक्यात होती, जुनंच औषध पुरेसं होतं.

"तुमची सुई नीटच बसत होती हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. आई तिथेच, माझ्या झाकणावर हात ठेवून, रडली.

"आणि ही टोपली आता माळ्यावर ठेवू नका," डॉक्टरबाईंनी बजावलं.

तेव्हापासून मी खिडकीपाशी असते, झाकण उघडं. छोटीने आपलं जुनं दुपटं माझ्यात अंथरलं. ढब्बू आधी मला वळसा घालून जायचा. मग एकदा त्याने एक पंजा आत ठेवला, दुपटं हुंगलं आणि ताणून दिली. बाबा काही बोलणार, तोच आईने ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या खेपेला तो पेंगतच दवाखान्यात पोचला. रक्त घेणारी लॅबवाली ताई म्हणाली, "हाच का तो आरडाओरडा करणारा?" या वेळचा आकडा त्या दोन-तीन आठवड्यांच्या तपासणीशी जुळला.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मुक्या जिवाला फक्त दवाखान्याच्या दिवशी जवळ घेऊ नका. त्याची टोपली रोजच्या उन्हात असू द्या. आणि कधी तपासणीचा आकडा हाती आला, तर रक्त देताना तो जीव कसा होता, हेही डॉक्टरांना सांगा.

ढब्बू आत्ता माझ्यात झोपलाय. त्याचं काळीज माझ्या तळाशी संथ चाललंय. जरा हळू बोला.