आजींनी विमान सोडलं, मला नाही

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, फिरकी म्हणजे माझं आट्यांचं झाकण. ते नीट बसलं की गाडी कितीही हलो, थेंब सांडत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या दत्तोबा तांबटांनी मला ठोकून ठोकून घडवलं. त्या प्रत्येक ठोक्याचा मी ऋणी आहे.

श्यामला आजींनी मला घेतलं ते लग्नाच्या वर्षीच. त्यांचं माहेर वर्ध्याला. मला भरल्याशिवाय त्या माहेरी निघतच नसत. चाळीस वर्षं मी रेल्वेच्या खिडकीशी बसलो, डब्यातल्या किती अनोळखी पोरांची तहान भागवली! मग घरात विमानाची सवय आली आणि मी माळ्यावर गेलो. दीड तासासाठी आकाशात धूर ओकायचा आणि घरी येऊन ‘काय हा उन्हाळा’ म्हणून रडायचं. राग येणार नाही तर काय?

यंदा आजींच्या वर्ध्याच्या बहीण वेणूबाई फार थकल्या. ‘एकदा भेटून जा’ म्हणाल्या. खराडीत नोकरी करणाऱ्या अपूर्वाने, आजींच्या नातीने, नागपूरपर्यंत विमान ठरवलं. आजींनी माळ्यावरून मला काढून घासलं, भरलं. अपूर्वाने फिरकी वाकडीच बसवली आणि पाणी सांडू नये म्हणून जोर लावून आवळली. आटे अडकले.

विमानतळावर तपासणीवरचा जवान म्हणाला, “आजी, पाणी ओता, नाहीतर तांब्या इथेच ठेवावा लागेल.”

फिरकी कुणालाच उघडेना. समोर कचऱ्याची पेटी. मी हबकलो.

“आजी, सोड ना! ऑनलाइन दुसरा मागवते,” अपूर्वा म्हणाली.

“मग आजीही दुसरी मागव. याने चाळीस वर्षं माहेरी नेलंय मला. चल, स्टेशनवर.”

“अगं, चौदा तास लागतील!”

“लागू देत. मला कुठे उद्या ऑफिस आहे?”

दुसऱ्या दिवशीची तत्काळ तिकिटं मिळाली. गाडीत समोरच्या बाकावर चाकणच्या कारखान्यातला उत्तरेश्वर होता. त्याने चमच्याने कडेकडेने हलके ठोकलं आणि फिरकी सोडवली.

“मॅडम, लावताना आधी उलटी फिरवायची. आटे जागेवर बसले की मग सुलटी.”

अपूर्वाने तीनदा करून पाहिलं. आजींनी पहिला पेला उत्तरेश्वरला दिला.

वर्ध्याला वेणूबाईंनी मला ओळखलं. “हा अजून आहे?” म्हणाल्या आणि पाणी मागितलं. दोघी बहिणी माझंच पाणी प्यायल्या. परतीचं विमान अपूर्वाने न सांगता रद्द केलं. त्या पोरीचा मी आभारी आहे.

मित्रांनो, समुद्रापलीकडे जायचं असेल तर उडा. पण जिथे रूळ पोचतात, तिथे रुळांवरून जा. आणि निघताना मला भरा. फिरकी मात्र आधी उलटी फिरवा.