दोष पाण्याचा होता

माझ्या नातीच्या शाळेत मुलांनी यापुढे हातांनी शिकावं असा वरून हुकूम आला, आणि त्याच दिवशी मुलांचे हात बंद झाले. दोरीनं नव्हे, जिभेनं. "हाताची घडी, तोंडावर बोट!" असं वर्गाच्या बाईंनी फर्मावलं. आता हाताची घडी घालून वर तोंडावर बोट ठेवायचं तर माणसाला तिसरा हात हवा. पण शाळेत एवढा विचार कोण करतो? पोरं आहेत त्या दोन हातांत भागवून बसली, आणि कृतीतून शिक्षण सुरू झालं.

या बाईंना आमची सगळी गल्ली प्रयोगबाई म्हणते. जन्मात त्यांनी एकच प्रयोग केला, पण नाव मिळवायला तेवढा पुरला. टेबलावर पाण्यानं भरलेला टब. शेजारी खडा, खिळा, बूच, रबरी चेंडू आणि एक लाकडी ठोकळा. एकेक वस्तू पाण्यात सोडायची आणि ती तरंगते की बुडते ते मुलांनी सांगायचं. इतका साधा खेळ. कुठलंही शेंबडं पोर मोरीत बसून तो आपला आपण खेळतं. पण मोरीत साहेब तपासणीला येत नाहीत, हा मोरीचा मोठाच दोष.

साहेब येणार होते. शाळेचे मोठे सर निवृत्त व्हायला टेकले होते, आणि त्यांची खुर्ची प्रयोगबाईंना द्यायची की शेजारच्या वर्गाच्या भोंगा मास्तरांना, हे साहेबांच्या एका भेटीवर ठरायचं होतं. बाईंचा जीव त्या खुर्चीत असा अडकला होता की मोठे सर बाहेर गेले की त्या आत जाऊन तिच्या हातांवर हात फिरवून यायच्या. मी म्हणतो, एवढी माया वर्गातल्या एखाद्या पोराच्या डोक्यावरून फिरली असती तर!

साहेबांची अट एकच होती. प्रयोग ताजा हवा, मुलांचा सराव करून घेतलेला चालणार नाही. अट कळली त्याच दिवशी बाईंनी सराव सुरू केला.

सरावाची त्यांची एक पद्धत होती. मुलांनी टबाकडे बघायचंच नाही, बाईंच्या बोटाकडे बघायचं. बोट वर गेलं की "तरंगतं!", बोट खाली आलं की "बुडतं!" काही दिवसांत वर्ग असा तयार झाला की बाईंनी डोकं खाजवायला हात वर नेला तरी पोरं "तरंगतं!" म्हणून कोकलायची. एकदा मोठे सर दारात जांभई देत उभे होते. बाईंनी त्यांना बसा म्हणून बोटानं खुर्ची दाखवली, तर अख्ख्या वर्गानं त्यांना बुडवलं.

घरी बाईंचा नवरा एकदा म्हणाला, "अगं, पोरांना पाण्यात हात तरी घालू दे."

"हात घातला की प्रयोग बिघडतो."

"मग हातांनी शिकायचं म्हणजे काय?"

"हात माझे, शिकायचं त्यांनी. तुम्ही जेवा."

नवऱ्याला मुख्याध्यापिकेचा नवरा व्हायची घाई होती, म्हणून तो जेवला.

बाईंची शिस्त मोठी. साहित्य जागच्या जागी हवं. प्रयोग झाला की खडा, खिळा काढून पुसून डबीत. पण बूच, चेंडू आणि ठोकळा पाण्यावर तरंगताना शोभून दिसतात, म्हणून त्यांची जागा टबातच, असं त्यांनी ठरवलं होतं. बुचाचं आणि चेंडूचं काय जातंय? ठोकळा मात्र लाकडाचा. तो सुट्टीत प्यायला, रविवारी प्यायला, शाळा भरली तरी पीतच राहिला. आधी छातीपर्यंत वर होता, मग गळ्यापर्यंत आला, शेवटी शेवटी नुसतं नाक बाहेर. फुगून इतका टच्च झाला होता की मी दारातून पाहिला तेव्हा मला आमच्या थोरल्या मेहुण्यांची आठवण झाली. वर्गात कुणाला काही दिसलं नाही. दिसणार कसं? सगळा वर्ग बोटाकडे बघत होता, आणि बाई खुर्चीकडे.

साहेब आले. आधी भोंगा मास्तरांच्या वर्गात गेले. त्या वेड्या माणसानं पोरांना खरोखरच वाळू आणि तराजू देऊन टाकला होता. पोरं बाह्या सरसावून मोजत होती, भांडत होती, सांडत होती. एकीनं साहेबांच्याच बुटात वाळू ओतून "साहेब, तुमचा बूट किती मापाचा ते बघतेय," म्हणून सांगितलं. साहेब एका पायावर उड्या मारत बाहेर आले. खुर्चीचा निकाल निम्मा तिथेच लागला.

मग ते प्रयोगबाईंच्या वर्गात शिरले. काय ती शांतता! माशीसुद्धा परवानगी मागून बसत होती. साहेबांच्या मानासाठी बाईंनी सकाळी टबातलं जुनं पाणी फेकून स्वच्छ पाणी भरलं होतं आणि तिन्ही वस्तू काढून टेबलावर मांडल्या होत्या.

खडा सोडला. "बुडतो!" खिळा. "बुडतो!" बूच, चेंडू. "तरंगतं! तरंगतो!" साहेब मान डोलवत होते. मग बाईंनी ठोकळा उचलला, अलगद पाण्यावर ठेवला आणि बोट वर केलं.

"तरंगतो!" वर्ग गर्जला.

ठोकळा सरळ तळाला गेला. बुडबुडासुद्धा सोडला नाही त्यानं.

बाईंचं बोट वरच राहिलं. बोट वर, म्हणून पोरं पुन्हा ओरडली, "तरंगतो!" तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा साहेब टबावर वाकून बघत होते. आता गंमत अशी की, 'लाकूड तरंगते' हे वाक्य ज्या पुस्तिकेत होतं, ती पुस्तिका खुद्द साहेबांनीच लिहिली होती. ठोकळा खरा धरला तर साहेब खोटे पडत होते. असल्या पेचात मोठी माणसं काय करतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

साहेब सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाण्यात काहीतरी दोष आहे."

बाई लगेच म्हणाल्या, "हो ना साहेब! आजच भरलंय. नवीन आहे, त्याला सराव नाही."

सराव शब्द तोंडातून निसटला आणि बाई पांढऱ्याफटक पडल्या. पण साहेबांना त्या घटकेला कुठलाही आधार चालणार होता. "तेच म्हणतो मी," ते म्हणाले.

इतक्यात माझी नात उठली. घरातच वाया गेलेली कार्टी. तिनं घडी सोडली, कोपरापर्यंत हात टबात घातला आणि ठोकळा बाहेर काढून पिळल्यासारखा दाबला. मग आपली लाकडी पट्टी पाण्यात टाकली. पट्टी मजेत तरंगली.

"बाई, पाणी चांगलंय. ठोकळाच जड झालाय. तो रोज पाण्यात असतो ना?"

एवढंच. बाईंनी एक शब्द 'हो' म्हटला असता तर त्या वर्गात पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी शिकलं असतं. आणि 'हो' म्हटल्याबरोबर सगळा सराव उघडा पडून खुर्चीही गेली असती. बाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. तोल कुणीकडे गेला ते सांगायला तराजू नको.

"तुझी बाही भिजली," त्या म्हणाल्या. "जा, उन्हात उभी राहा."

साहेबांनी नातीला जाताना विचारलं, "काय गं, हा प्रश्न पुस्तिकेत आहे का?"

"नाही."

"मग?"

पोर उन्हात गेली. साहेबांनी शिस्तीबद्दल बाईंची पाठ थोपटली आणि खुर्ची त्यांच्या पदरात पडली. नवऱ्यानं गल्लीभर सांगितलं, जणू खुर्ची यानंच विणली होती.

खुर्चीवर बसल्या बसल्या बाईंनी पहिला हुकूम काढला: पाण्याच्या दोषामुळे मुलांचं नुकसान होतं, तेव्हा यापुढे हा प्रयोग पाण्याशिवाय करावा. आता प्रत्येक वर्गात कोरडा टब असतो. बोट वर जातं, बोट खाली येतं, एकही उत्तर चुकत नाही. साहेबांना ही सुधारणा इतकी आवडली की सगळ्या शाळांना त्यांनी ती लागू केली, आणि ऐकतो की पोहण्याच्या तासालाही ती लावायचा त्यांचा विचार आहे. बुडण्याची भीतीच नाही.

भोंगा मास्तर अजून वाळू झाडतायत. आणि आमची कार्टी? तिला घरात बादली मिळाली. चपला, चाव्या, आजीचा पानाचा डबा, जे हाताला लागेल ते ती पाण्यात टाकून बघते. काल सकाळी मी तोंड धुवायला गेलो तर बादलीशी बसून हाक मारते,

"आजोबा, तुमची कवळी बुडाली!"

मी बोळक्यानंच हसलो. निदान बघून तरी बोलली.