भाईंदरच्या एकशे बारा भट्ट्या

१९९३ च्या उन्हाळ्यात पंचशीला साळवे भाईंदर पूर्वेच्या गल्ल्यांतून भट्ट्या मोजत हिंडत होती. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत ती नोकरीला होती. जगात कुठून किती धूर हवेत जातो, याची यादी परदेशात तयार होत होती; नकाशावर चौकोन पाडून प्रत्येकात आकडा भरायचा होता. निदान आपल्या भाईंदरचा आकडा खरा असावा, म्हणून तिने हे काम मागून घेतलं होतं.

जुन्या वायरी जाळून तांबं काढायच्या एका गाळ्यासमोर तिला चंपा भेटली. जवळच्या मोरवा गावची, पन्नाशीची. उघड्यावर भट्टी, काळाकुट्ट धूर, आणि बोलता बोलता खोकल्याची उबळ.

"दिवसाला किती वायर जळते, मावशी?"

"चार गोणी. कवा पाच." चंपाने कागदाकडे पाहिलं. "ह्ये लिवून काय व्हनार?"

"वरपर्यंत कळेल."

"मंग धूर बंद व्हईल?"

पंचशीलाने आधी आकडा लिहून घेतला. मग म्हणाली, "होईल."

तिने एकशे बारा भट्ट्या नोंदवल्या. संस्थेतले तिचे वरिष्ठ कौस्तुभ सर, त्यांनी अहवाल पुढे पाठवलाही. सात महिन्यांनी छापील तक्ता आला. वीजकेंद्रं होती, गाड्या होत्या, मोठे कारखाने होते.

"सर, आपल्या भट्ट्या?"

"त्यांच्यासाठी रकानाच नाहीये गं. देशभरच्या भट्ट्या कोणी मोजल्यात? एका गावाचे आकडे अख्ख्या देशाला कसे लावणार?" सर चष्मा पुसत राहिले. "शून्य धरलंय."

चंपाला हे आपणच सांगावं, म्हणून ती त्याच संध्याकाळी गाळ्यावर गेली. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. वाकून आत शिरली तर डोळे झोंबले, श्वास कोंडला. भट्टी आता आत होती, आणि चंपा तिच्याशेजारी.

"तू लिवून ग्येलीस ना, शेठ घाबरला," चंपा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तवापासून आतच जाळतो."

पंचशीला तडक शेठकडे गेली. तो हसला. "मॅडम, बाहर धुआँ दिखता है क्या? नहीं ना? फिर?"

ती परत चंपाकडे आली. "मावशी, सोडा हे काम."

"आन खाऊ काय? दुसरं काम न्हाय मला."

पंचशीलाने परदेशातल्या त्या कार्यालयाला स्वतः तीन पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, चंपाचं नावसुद्धा. उत्तर सभ्य होतं: आभार, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू.

पुढच्या दिवाळीनंतर चंपा गाळ्यावर दिसेना, तेव्हा ती विचारत विचारत मोरव्याला गेली. दारात चंपाची लेक मंदा डबा भरून उभी होती.

"आय ग्येली. म्हयना झाला," मंदा म्हणाली. "तुमी कोन?"

काय काय बोलायचं ते पंचशीलाने वाटेत ठरवलं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"मंग जरा सरका. उशीर व्हतोय. शेठनं आयच्या जागंवर मलाच घेतलंय."

पंचशीला बाजूला सरकली.