झाकण मिटलेला शनिवार

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, कीर्तनाची. भाता हलला की गाणारी.

पुण्यातल्या एका कारखान्यात मला सागाचे अंग आणि पितळी सूर मिळाले. भोरच्या शाळेतले हानोख मास्तर झिराडकर मला एसटीच्या टपावर बांधून घरी घेऊन आले. मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. कीर्तनाचा त्यांना भारी नाद. पूर्वरंगात देवाची करुणा आळवायची आणि उत्तररंगात ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या योसेफाचे आख्यान लावायचे. भाऊ त्याला कोरड्या विहिरीत टाकतात, तिथे माझा सूर असा काही भरून येई की समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावत. अशा वेळी देवच माझ्या भात्यातून श्वास घेतोय, असे मला वाटे.

पुढे मास्तर देवाघरी गेले. त्यांचे चिरंजीव एझ्रा ठाण्याला राहायला आले आणि मी कपाटावर चढले. बावीस वर्षे! अंगावर इस्त्रीचे कपडे साठत गेले. मुकेपण काय असते, ते मला विचारा.

मला खाली उतरवले एझ्रांच्या नातीने, पंधरा वर्षांच्या नोमीने. रिबेकामावशी दर मे महिन्यात पानशेतला ज्यू मुलामुलींचे शिबिर घेतात. घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्यातून आपण कोण ते सांगायचे, असा यंदाचा नेम होता. नोमीला त्याची धास्ती होती. शाळेत कुणीतरी विचारले होते, "तू ख्रिश्चन ना?" आणि ती म्हणाली होती, "तसंच काहीतरी." ते उत्तर तिला काट्यासारखे सलत होते. तिने माझा भाता दुरुस्त करून घेतला आणि तीन महिने पणजोबांचे आख्यान घोटले.

मास्तरांचे जुने विद्यार्थी, भाटघरचे गेनबा, यांना तिने फोन करून शिबिरात आख्यान ऐकायला बोलावले. त्यांना उजेडी परतायचे होते, म्हणून शनिवारी दुपारी चारची वेळ ठरली. त्यांच्याबरोबर टेम्पो भरून गावची मंडळी पानशेतला आली. नोमीने माझ्या झाकणाला हात घातला, तेवढ्यात तिच्यासोबत शिबिराला आलेले एझ्राआजोबा हळूच म्हणाले, "नोमी, आज शब्बाथ."

पोरीचा हात तिथेच थांबला. शब्बाथ म्हणजे शनिवारचा देवाचा विसावा. त्या दिवशी आमच्या घरी वाद्य वाजत नाही. वेळ ठरवताना ती हे विसरूनच गेली होती.

गेनबा म्हणाले, "मग म्या वाजवतो की. मला कुठला आलाय शब्बाथ?"

"गेनबा, तुमी वाजवलीत तर शब्बाथ राहील, पण ही मंडळी पळतील," आजोबा म्हणाले. सगळे हसले. नोमी मात्र हसली नाही.

पुढे बसलेल्या अक्काबाईंनी विचारले, "शनवारचं वाजवत न्हाई? मंजी तुमी कोन म्हनायचं गं, बाई?"

तोच प्रश्न. नोमीने माझ्याकडे पाहिले, मग अक्काबाईंकडे.

"आम्ही ज्यू, आजी. कोकणात आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. त्यांचा घाणा बंद असायचा, आज माझी पेटी बंद."

"अगं, मग त्यात काय एवढं? सोमवारी आमीबी बैल जुपत न्हाई," अक्काबाई म्हणाल्या. "तू गा. आमी ऐकतो."

नोमी गायली. मी शेजारी झाकण मिटून बसले होते. विहिरीचा प्रसंग आला, तेव्हा अक्काबाईंचा पदर डोळ्यांना गेला. त्या दुपारीही मी मुकीच होते, मित्रांनो, पण कपाटावरच्यासारखी नव्हे. शब्बाथ पाळणाऱ्यांत माझीही गणती झाली होती.

तुमच्या घरी कपाटावर कुणी माझ्यासारखे पडले असेल, तर त्याची धूळ पुसा आणि ते कुणाचे होते ते विचारून घ्या. आणि तुम्हाला कुणी "तू कोण?" म्हणून विचारले, तर "तसंच काहीतरी" म्हणू नका.

आज रविवार आहे. नोमी, उघड आता झाकण.