कुठेही चालेल

"आजोबा, तुम्ही नक्की कुठल्या जागेवर खेळायचात?"

हे विचारून दाखव, अशी पैज हेलेद आणि नॉन या माझ्या मैत्रिणींनी लावली होती. डॉक्टरांनी आजोबांच्या विसरण्याच्या आजाराचं नाव आणि डोक्यावर घेतलेल्या चेंडूंचं कारण सांगितल्यापासून आमच्या घरात त्यांच्यापुढे फुटबॉलचा विषय काढायचा नाही, हे दोघींना माहीत होतं. पण मी हल्ली कुणाला घाबरत नाही. शनिवारी मोठ्या क्लबमध्ये मुलींची निवड होती, आणि डाव्या बाजूने माझ्यासारखी पळणारी आमच्या खोऱ्यात दुसरी नाही. आमच्या खेळाच्या बाई म्हणतात. बरं, मीही म्हणते.

एमलिन आजोबा सतरा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळले, अकराच्या अकरा जागांवर. गोलकीपरचं बोट मोडलं तेव्हा हातमोजे घालून तिथेही उभे राहिले. वेल्सकडून एकदाच, बदली म्हणून. कोपऱ्यावरच्या पबमध्ये त्यांच्या फोटोखाली लिहिलंय, 'कुठेही चालणारा एमलिन'. बाबांना त्याचा फार अभिमान. माझ्या फॉर्मवर 'जागा' या रकान्यात त्यांनीच लिहून टाकलं होतं: कुठेही चालेल.

आजोबा बारा ब्रिथच्या, म्हणजे आमच्याकडच्या मनुकांच्या पावाच्या, एकाच कापाला दुसऱ्यांदा लोणी लावत होते. मला वाटलं, प्रश्न विसरले.

"डावीकडे," ते म्हणाले. "रेषेला चिकटून. मला कुणी गाठू शकायचं नाही."

मग तिथून हलवलं कुणी, असं मी विचारलं, तर म्हणाले, मीच हललो. नवव्या सामन्यात मधल्या बचावपटूचा पाय मोडला. मॅनेजरने आत येऊन विचारलं, हेडर कोण मारेल? सगळे बुटांच्या नाड्या बघत बसले. आजोबा एकोणीस वर्षांचे होते, संघात टिकायचं होतं. त्यांनी हात वर केला. तेव्हापासून दर मंगळवारी स्टँडखालच्या शेडमध्ये छताला टांगलेला चामड्याचा चेंडू, पाणी पिऊन दगड झालेला, शंभर वेळा कपाळावर घ्यायचा. घरी जाताना कधीकधी आपली बस कुठली तेच आठवायचं नाही. बाकीचे हसायचे, तेही हसायचे. जिथे जागा पडेल तिथे त्यांचा हात वर. डावी बाजू मात्र परत मिळाली नाही.

"नाही म्हणायचं ना मग."

"नाही म्हणणारे बाकावर बसायचे, पोरी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने विचारलं, वरची खिडकी कोण लावतंय? आजोबांचा हात वर गेला. मी उठेपर्यंत ते जिन्याला लागलेही होते. अर्ध्यात थांबले. हात अजून वरच होता, आणि माझ्याकडे असं बघत होते, जणू मी त्यांची मॅनेजरच आहे.

"आज मी कुठे उभा राहू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. पैज जिंकले होते, पण हेलेदला काही कळवलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मटणाचं सूप निवत होतं. मी फॉर्म टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमचं खोडलंय मी. डावी बाजू लिहिलंय. तेवढंच."

"अशाने घेणार नाहीत तुला, मारेद. तुझे आजोबा सतरा वर्षं..." बाबांची नजर आजोबांकडे गेली. आईने आजोबांच्या हातात चमचा दिला.

"नाही घेतलं तर नाही," मी म्हटलं. "पण शनिवारी कुणी विचारलं ना, हेडर कोण मारेल, तर माझे दोन्ही हात खाली असतील."